धारोष्ण

माणसं म्हशींच्या मागून पळायला लागली तेव्हा पेठ हसली.

हसणारच. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला गवळी आपल्या म्हशी रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, पाठीवरच्या केसांत नक्षी कातरलेली. मालक मोटरसायकलवर पुढं आणि त्याच्या हाकेसरशी म्हैस मागं उधळत येते. दोरी नाही, काठी नाही. कुणाची म्हैस किती जीव टाकून पळते यावर वर्षभर मिशीला पीळ. पेट्रोलच्या गाड्या कधीच गेल्या, पण गवळ्यांनी बॅटरीच्या गाडीला भोंगा बांधून जुन्या फटफटीचा आवाज चालू ठेवलाय, कारण म्हशीला तो लागतो.

त्या पाडव्याला विरूपाक्ष गवळी, पेठ ज्याला इरूअण्णा म्हणते तो, "हुर्र्या, ये बाय, ये ये" अशी हाक देत गाडीवरून गेला. मागं त्याची काजळी म्हैस, तिच्यामागं बाकीच्या. आणि त्यांच्यामागं माणसं. तालमीतले पैलवान, रिटायर झालेले मास्तर, पदर खोचलेली एक म्हातारी, शाळेची पोरं. कुणी ओरडत नव्हतं, कुणी शिट्टी मारत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडावर एकच हसू. जत्रेत चुकलेल्या पोराला आई दिसली की जे हसू येतं ना, ते.

"नाद खुळा अण्णा, मतदार पण पाळलेत का काय?" गॅलरीतून कुणीतरी विचारलं, आणि गल्ली खिदळली.

केतकी साळोखे फुटपाथवर उभी होती. ती हसली नाही, कारण त्या घोळक्यात सगळ्यांत पुढं तिची मुलगी होती. दुसरीतली जिजा, अनवाणी, काजळीच्या शेपटीला हात लागेल इतकी जवळ. बघता बघता ती पडली. गुडघा फुटला. पोरीनं गुडघ्याकडं नजरसुद्धा टाकली नाही, उठली आणि पुन्हा पळायला लागली.

केतकीनं धावत जाऊन तिला दंडाला धरून उचललं. "खुळी झालीस का गं? पायाखाली गेली असतीस म्हशीच्या."

जिजानं तिच्याकडं बघितलं. एसटीत शेजारच्या सीटवर बसलेल्या बाईकडं बघावं तसं.

"सोडा ना," ती म्हणाली. "अण्णा चाललेत."

पेठेत आईला कुणी अहो-जाहो करत नाही. केतकीची पकड सुटली, आणि पोरगी गेली.

*

या गावाला दुधाचा माज आहे. सकाळ-संध्याकाळ गवळी म्हशी घेऊन चौकात येतात, कट्ट्यापाशी उभ्या करतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढतात. फेसाळ, म्हशीच्या अंगाच्या उबेचं. तसंच तोंडाला लावायचं. याला धारोष्ण म्हणतात. उकळलेलं दूध आजाऱ्यांनी प्यावं, अशी इथली समजूत. केतकीचे सासरे आबा साळोखे जुने पैलवान. नात चालायला लागली तशी ते तिला कट्ट्यावर न्यायला लागले. "हिला मी आखाड्यात उतरवणार," म्हणायचे. "मुलगा न्हाई झाला म्हणून जे हळहळले, त्यांच्या छाताडावर बसवणार हिला." केतकीला कच्च्या दुधाचा वास सोसत नसे. ती शिरोलीच्या एका फौंड्रीत ओतीव भाग तपासायच्या खोलीत कामाला. सकाळी पोरगी कट्ट्यावर, आई बसमध्ये. नवरा फौजेत, अधूनमधून फोनच्या पडद्यावर दिसणारा.

आता म्हशीचं. रेडकू नसेल तर म्हैस पान्हा सोडत नाही, दूध वर ओढून धरते. काजळीचं रेडकू मेलं. अशा वेळी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरतात आणि ते बाहुलं म्हशीपुढं ठेवतात. ती ते चाटते आणि दूध सोडते. अण्णानं आयुष्यभर हे केलं होतं. पण काजळी पेंढा चाटायची आणि मान वळवून अण्णाकडं बघत राहायची. "तिला कळतंय, आणि कळून चाटतीया," तो म्हणायचा. "मलाच लाज वाटाय लागली." दुसरी वाट इंजेक्शनची. रोज टोचलं की पान्हा फुटतो, पण म्हैस खंगत जाते, वर कायद्यानं बंदी. म्हणून एका औषध कंपनीची पशुवैद्य डॉक्टर अस्मिता कुलथे 'सुपान्हा' घेऊन आली, एकदाच टोचायचं, पुन्हा कधी नाही, असं म्हणाली, तेव्हा अण्णानं काजळीला पुढं केलं. मग बाकीच्यांनाही.

सुपान्हा काय करतो ते समजून घ्या. अवघड नाही. अवघड करून सांगणारे आपली किंमत वाढवत असतात.

शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक असतं. संप्रेरक म्हणजे रक्तातून दिलेली हाक. हाक ऐकायला कान लागतो. पेशीचा हा कान म्हणजे ग्राही. कान नसेल तर हाक केवढीही द्या, पेशी ढिम्म हलत नाही. हा कान कसा घडवायचा ते प्रत्येक पेशीत लिहून ठेवलेलं असतं, त्याला जनुक म्हणतात. मग सगळ्याच पेशींना कान का नसतात? कारण जनुकाच्या तोंडाशी, जिथून वाचायला सुरुवात होते तिथं, मिथाइलची बारीक झाकणं बसलेली असतात. झाकणं जास्त, तर वाचन बंद. मादीचे दिवस भरत आले की इस्ट्रोजेन वाढतं, हे जनुक जोरात वाचलं जातं आणि गर्भाशयात, कासेत, मेंदूत कान उगवतात. म्हणून कळा येतात, म्हणून पान्हा फुटतो. आणि मेंदूतल्या कानांमुळं आणखी एक होतं. व्याल्यावर थोडा वेळ मादीच्या मनाचं दार सताड उघडं राहतं. तेवढ्या वेळात नाकाशी जो वास आला, कानावर जो आवाज पडला, तो तिचा. मग दार मिटतं. आईची माया म्हणून आपण ज्याच्या पाया पडतो, त्याच्या मुळाशी हे आहे. कुणाला राग येत असेल तर येऊ दे.

सुपान्हा ती झाकणं उचलतो. चरबीच्या अतिसूक्ष्म पिशवीत भरलेली सूचना पेशीत जाते, पेशी एक विकर, म्हणजे एक कामकरी प्रथिन, बनवते आणि ते विकर नेमकं त्या एका जनुकापाशी जाऊन झाकणं काढतं. कंपनी म्हणाली, कासेपुरतंच. रक्त काय कासेपुरतं फिरतं? मेंदूतलीही झाकणं निघाली. दार उघडलं आणि पुन्हा मिटलंच नाही. काजळीच्या त्या उघड्या दारात अण्णा उभा होता, धार काढताना हाका देत. तिनं पेंढ्याकडं बघणं सोडलं. अण्णाच्या पायांचा आवाज आला की दूध तिच्या खुरांवर सांडायला लागायचं.

आणि म्हशीच्या पेशी तीच सूचना पिशव्यांत भरून दुधात सोडायला लागल्या. कंपनीला हे ठाऊक होतं. तापवलं की पिशव्या फुटतात हेही ठाऊक होतं. त्यांनी तापवलेलं दूध तपासलं, निर्धोक ठरवलं आणि औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत छापलं, दूध उकळून वापरावे. म्हैस आणि माणूस दोघंही सस्तन. त्या जनुकाच्या तोंडाशी दोघांत फारसा फरक नाही, हे त्यांच्यातल्या कुणालाच आठवलं नाही, कारण कच्चं दूध पिणारी माणसं त्यांच्या ओळखीत नव्हती. त्यांनी जग बघितलं होतं. कट्टा बघितला नव्हता. तिथं पेला तोंडाला लावताना माणसांच्या कानावर हाक पडायची ती अण्णाचीच.

*

घरात जिजा फार गुणी झाली होती. भयंकर होतं ते हेच.

ताटातलं सगळं संपवायची. अभ्यास करायची. केतकी वेणी घालायला बसली की मान ताठ ठेवून बसायची आणि झालं की विचारायची, "जाऊ का?" पडद्यावर बाप दिसला, "काय म्हणतोय माझा पैलवान?" म्हणाला, तर आईकडं वळून म्हणायची, "यांना काय सांगू?"

कट्ट्याची वेळ झाली की ती दाराकडं तोंड करून उभी राहायची. पाडव्यानंतर केतकीनं दाराला कुलूप घातलं. जिजा रडली नाही. दाराला कपाळ टेकवून उभी राहिली. शेजारी आबा येऊन उभे राहिले. आयुष्यात कुणासाठी जागचा न उठलेला माणूस.

"आबा, तुम्ही तरी बसा."

"बसतो की." ते बसले नाहीत. "बोलवंल आता त्यो."

"तो तुम्हाला नाही बोलवत. म्हशीला बोलवतो."

"ठावं हाय." आबांनी तिच्याकडं बघितलं. डोळे स्वच्छ होते, खुळेपणाचा पत्ता नव्हता. "मला सगळं कळतंय, केतकी. कळून काय हुतंय?"

लांबून हाक आली. सासरा आणि नात दोघांनी एकदम श्वास आत घेतला, एकाच मापाचा. मग गल्लीतल्या बंद दारांमागूनही तसाच श्वास ऐकू आल्यासारखा केतकीला वाटला. तिनं कुलूप काढलं. दुसरं काय करणार होती?

ती त्यांच्यामागून गोठ्यापर्यंत गेली. गोठ्याच्या दाराबाहेर माणसं उभी होती. गर्दी नाही म्हणता येणार. गर्दीत ढकलाढकली असते, कुजबुज असते. ही माणसं एकमेकांना जागा करून देत होती. केतकी मधून गेली तर कुणी तिच्याकडं बघितलं नाही.

आत अण्णा भिंतीला पाठ लावून बसला होता. दाढी वाढलेली. समोर डॉक्टर कुलथे उलट्या बादलीवर.

"अण्णा, माझी पोरगी मला परत द्या," केतकी म्हणाली.

"मी घेतलीया का वहिनी?" अण्णाचा आवाज बसला होता. "भाईर बघितलासा न्हवं? उजाडायच्या आत येऊन उभारत्यात. मागत काय न्हाईत. नुस्ती बघत्यात. म्हशीची माया सोसती मला, माणसांची सोसंना. परसाकडं जायची चोरी झालीया. काल नगरसेवक येऊन गेला. म्हणतोय, मतदानाच्या दिवशी बूथावर येऊन एक हाक मारा, बाकी आमी बघतो."

"मग?"

"म्हणलं, तुमी आदी एक पेला दूध प्या आमचं, मग बोलू. पळालं गाडीत बसून."

कुणी हसलं नाही. केतकी डॉक्टरकडं वळली. "बाटलीवर लिहिलं होतं म्हणे. गिऱ्हाईक बाटली बघतं का म्हैस? लिहायचंच होतं तर शिंगावर लिहायचं होतं."

"चूक आमची आहे," डॉक्टर म्हणाली. सरळ म्हणाली, एवढं तिच्या बाजूनं नोंदवतो. "आणि त्यावर औषध आलंय. झाकणं परत बसवणारं. पण शिबिर लावलं तर एक माणूस आला नाही. त्यांना बरं व्हायचं नाहीये, ताई. त्यांना आत्ताच बरं वाटतंय."

"मी हाक मारतो म्हणलंय," अण्णा म्हणाला. "शेवटची. हाक मारून सगळ्यास्नी तालमीत न्यायचं, तितं टोचायचं. मग मी म्हशी विकून निपाणीला भनीकडं जाणार."

"टोचल्यावर जिजा माझी होईल?" केतकीनं विचारलं.

डॉक्टर म्हणाली, "जनुक एकच आहे. अण्णांसाठी एक कान आणि तुमच्यासाठी दुसरा, असं नसतं. सगळंच मिटेल. मोठ्यांना जुन्या सवयींचा आधार असतो, ते चालत राहतील. मुलं आधी थंड पडतील. तुम्ही आई आहात हे तिला पाढे येतात तसं येईल. मग हळूहळू शरीर आपली झाकणं आपण हलवायला शिकेल. तुमच्या हातचं खाऊन, तुमच्याशी भांडून, तुमच्याजवळ झोपून. बहुतेक मुलांचं होईल असं आम्हाला वाटतं. किती काळ लागेल ते माहीत नाही. आणि होईलच असं मी लिहून देणार नाही."

"म्हणजे आत्ता परक्याची आहे, उद्या कुणाचीच नाही."

"काही काळ," डॉक्टर म्हणाली.

काही काळ. आपल्या पोराच्या डोळ्यांत आपण कुणीच नाही, असा काही काळ ज्यानं काढलाय त्यानंच पुढं केतकीला नावं ठेवावीत.

*

डॉक्टर गेल्यावर केतकी तिथंच थांबली. काजळी अण्णाच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी होती.

"अण्णा, म्हैस विकली की ती नव्या मालकाला कशी देता?"

अण्णानं चमकून वर बघितलं. त्याला लगेच कळलं. "ते लेकरू हाय वहिनी. म्हैस न्हाई."

"मग लेकरू तुमच्या गोठ्याबाहेर काय करतंय?"

अण्णानं काजळीचा कान चोळला. मग सांगायला लागला. विकलेली म्हैस एकदम देत नाहीत. घेणारा रोज येतो. त्यानं जुन्या मालकाचं घोंगडं पांघरायचं, त्याच्या शेजारी धारेला बसायचं. आधी हाक जुन्याची. मग दोघांची. मग नव्याची एकट्याची, आणि जुना म्हशीच्या मागं जाऊन उभा राहतो, तिला दिसणार नाही असा. "आनि मग त्या दारावरनं आमी वरीसभर जात न्हाई," तो म्हणाला. "गेलो तर दोघांचंबी वाईट हुतंय."

दार उघडंच आहे, केतकीचा हिशेब साधा होता. एक आत शिरला, तर दुसरीही शिरेल. पोरगी माझीच आहे. मी काय चोरी करत नाही.

शिबिराची तयारी होईपर्यंत ती रोज सकाळी गोठ्यात आली. फौंड्रीत रजा टाकली. अण्णाचं घोंगडं अंगावर घेतलं, त्याला शेणाचा, पेंडीचा आणि माणसाच्या घामाचा वास होता, तो तिनं नाक न दाबता सोसला. धार काढायला शिकली. पहिल्यांदा काजळीनं तिला लाथ मारून चरवी उडवली. अण्णा म्हणाला, "ती बरोबर हाय, तुमी चुकलासा. मायेनं वडा, रागानं नको." फक्त जिजाला आत घेत, बाकीचे बाहेर. पोरगी अण्णाकडं बघत पेला घ्यायची. मग दोघांच्या मधे कुठंतरी बघत. केतकी हाक द्यायला लागली, आधी अण्णाच्या हाकेखाली, मग त्याच्या बरोबरीनं, मग एकटी. आपला आवाज आपल्याला ओळखू येऊ नये इतका तो अण्णासारखा यायला लागला.

एका सकाळी अण्णा काजळीच्या मागं उभा होता आणि जिजानं त्याला शोधलं नाही. तिनं पेला संपवला, ओठांवरचा फेस पुसला आणि केतकीच्या पोटात डोकं खुपसलं.

"आई," ती म्हणाली. "आई, आई, आई."

केतकी शेणात बसली आणि हमसून हमसून रडली. म्हशीमागून अण्णा म्हणाला, "झालं. जावा आता. आनि ऐका, वहिनी, तिला शिबिराला घेऊन यायचं. आपलं तसं ठरलं न्हाई, पन मी म्हणतोय." तो बाहेर आला नाही.

*

शिबिराच्या दिवशी अण्णानं चौकातून हाक दिली. पेठेची दारं उघडली. माणसं निघाली, पुढं अण्णा, मागं सगळे, तेच हसू. तालमीच्या मातीत टेबलं मांडली होती. माणसं बाही वर करायची ती अण्णाकडं बघत. सुई टोचली तरी कुणी पापणी हलवली नाही. आबा साळोखे अण्णाच्या हाताला धरूनच बसले. अण्णा रडत होता आणि हाक देत होता. मी यापेक्षा भेसूर काही ऐकलेलं नाही.

केतकी जिजाला घेऊन टेबलापाशी आली. जिजा अण्णाच्या इतक्या जवळून गेली आणि तिनं मान वळवली नाही. तिच्या मुठीत आईची ओढणी होती.

"जिजा साळोखे," डॉक्टर म्हणाली.

"तिचं झालं. सकाळी तुमच्या नर्सनं टोचलं."

डॉक्टरनं केतकीकडं बघितलं. मग पोरीकडं, मुठीतल्या ओढणीकडं. तिला कळलं. कळल्याशिवाय राहील का? पण तिच्या मागं कंपनीचा साहेब उभा होता, त्याला संध्याकाळपर्यंत सगळे बरे झालेले हवे होते, आणि अशा वेळी खरं बोलणारी माणसं अशा नोकऱ्यांत टिकत नाहीत. "बरं," ती म्हणाली. "पुढचे."

काही दिवसांत पेठ निवली. गोठ्याबाहेर माणूस दिसेना. अण्णानं म्हशी विकल्या, एकट्या काजळीला घेऊन तो गेला. जाताना कट्ट्यावर बसलेल्यांना हात जोडले. त्यांनी पेपरातून डोकं वर केलं आणि परत खाली घातलं. कंपनी त्याच्याही आधी गेली. ऑफिसला कुलूप, डॉक्टरचा नंबर बंद.

त्या हिवाळ्यात नळावर बायका कमी बोलायच्या. पोरं ताटावर बसायची, जेवायची, उठायची. शेजारची पल्लवी सांगायची, "आमची स्वरा मला ताप आला तर विचारते, मग डबा कोण करणार?" केतकी ऐकून घ्यायची, हळहळ दाखवायची आणि घरी येऊन दार लावून जिजाला मिठीत घ्यायची. पोरगी तिच्या श्वासाशी श्वास जुळवायची. ते सुख केतकीला कुणाला सांगता येत नव्हतं. आबा कोपऱ्यात बसून भिंतीकडं बघत. आमटीत मीठ कमी असलं तर तेवढं बोलत.

ती पुन्हा कामावर जायला लागली, तेव्हा जिजा शाळेतून निघून फौंड्रीच्या गेटावर येऊन उभी राहिली. बसचा रस्ता तिनं पायी काढला होता. वॉचमन म्हणाला, "ताई, पाणी देतो तर घेईना, सावलीत बस म्हणलं तर बसंना. तुम्ही कुठल्या दारानं येणार तेवढंच विचारती." पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. केतकीनं नोकरी सोडली. सोडताना तिला वाईट वाटलं नाही, उलट आतून गोड वाटलं. हे तिनं स्वतःपासूनही लपवलं.

शिमगा झाला, आणि पेठेत एका दुपारी आवाज आला.

"येत नाही जा! तूच ये खाली!" स्वरा होती. चपला भिरकावून, पाय आपटत, आईवर ओरडत होती. वर गॅलरीत पल्लवी कठड्याला धरून उभी होती आणि डोळे पुसत होती. "ऐकलंत का?" ती सगळ्या गल्लीला सांगत होती. "ऐकलंत का? उलटं बोलली मला."

मग एकेका घरातून यायला लागलं. दार आपटल्याचा आवाज. "तू घाणेरडी आहेस." "मला बाबा जास्त आवडतात." आया हसत होत्या. एका सकाळी आबांनी उकळलेल्या दुधाचा पेला मोरीत ओतला. "पाणी हाय हे," ते गुरगुरले, आणि मग, इतक्या महिन्यांनी, म्हणाले, "जिजे, चल तालमीत. अंगात माती मुरायला पायजे."

जिजानं आईच्या तोंडाकडं बघितलं.

"जायचंय तुला?" केतकीनं विचारलं.

"तुला काय आवडेल?"

"अगं, तुझं तू सांग."

जिजा तिचा चेहरा वाचत राहिली. कपाळावरची आठी, ओठांची कड, सगळं. त्यात उत्तर सापडेना, तशी ती घाबरली. तिनं आईची ओढणी मुठीत घट्ट धरली. आबांनी ते बघितलं. त्यांनी नातीकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, आणि जागच्या जागी खाली बसले. तेव्हा त्यांना कळलं, पोरीला टोचलेलंच नाही. त्यानंतर ते केतकीच्या हातचं जेवले नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी केतकीनं तिला अंगणात नेलं. गल्लीतल्या पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या, चिडत होत्या, राज्य कुणावर यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बेतात होत्या.

"जा, खेळ त्यांच्यात."

जिजा गेली. पोरींनी तिच्या हातात दोरी दिली. तिनं एक उडी मारली आणि आईकडं बघितलं.

"असंच ना? तुला बरं वाटलं?"

"हो," केतकी म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

"मग अजून खेळते."

ती उड्या मारत राहिली. बाकीच्या पोरी कंटाळल्या, भांडल्या, घरी गेल्या. दिवे लागले. जिजाचे पाय लटपटत होते, परकर घामानं चिकटला होता, आणि प्रत्येक उडीला तिचे डोळे आईच्या तोंडावर होते. तिला थांब म्हणणं सोपं होतं. पण थांबल्यावर ती विचारणार होती, आता काय करू, आणि उद्या विचारणार होती, आणि मोठी झाल्यावर विचारणार होती. केतकीला थांब म्हणायचा धीर होईना, आणि ती थांब म्हणत नव्हती म्हणून जिजा उड्या मारतच होती.